रुग्णाचा नकार आणि वैद्याचे दायित्व

परभणी जिल्ह्यात आयुर्वेदीय चिकित्सा करणारा असा वैद्य विरळाच, की ज्याच्यासमोर एखादा कर्करोगी मोठ्या रुग्णालयाची फाइल हातात घेऊन, “आम्हाला चिरफाड नको, किमो नको, तुमच्याच औषधाने जे व्हायचे ते होऊ द्या” असे म्हणत बसलेला नाही. जिंतूर, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील खेड्यांमध्ये ‘सुरी लागली की रोग पसरतो’ हा समज आजही पक्का आहे. गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढला की गाठ चिघळते, लाइट दिली की माणूस आतून भाजतो, किमोने रोगाच्या आधी रोगीच जातो, ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. यांतील प्रत्येक वाक्यामागे गावाने पाहिलेला एखादा मृत्यू असतो. उशिरा गेलेला रुग्ण उपचार चालू असताना दगावतो आणि दोष उशिराच्या नव्हे, उपचाराच्या माथी बसतो.

दुसरे कारण अंतराचे व पैशाचे आहे. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय परभणीपासून सुमारे दोनशे किलोमीटर. परळच्या टाटा रुग्णालयात जायचे तर रात्रभराचा रेल्वेप्रवास. किरणोपचार आठवड्यातील पाच दिवस आणि अनेक आठवडे चालतात. सोबत कोणी राहायचे, कोठे राहायचे, सोयाबीनची काढणी कोणी करायची, या प्रश्नांची उत्तरे न सापडल्याने ‘आमचा इंग्रजी औषधावर विश्वास नाही’ असे म्हणणारे रुग्ण थोडे नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रकर्मे, किमो व किरणोपचार यांचा समावेश आहे आणि सन २०२४ पासून तिची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपये झाली आहे, एवढी माहिती मिळाली तरी काही नकार जागच्या जागी विरघळतात. म्हणून नकार ऐकताना तो उपचाराला आहे, खर्चाला आहे की भीतीला आहे, हे प्रथम पाहावे.

तथापि सर्व समजावूनही रुग्ण नाही म्हणाला, तर वैद्याने त्याला स्वीकारावे काय? आणि स्वीकारल्यास, उद्या तो दगावल्यावर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? या प्रश्नावर आपल्या व्यवसायबंधूंमध्ये साधारणतः दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. काही जण म्हणतात, कॅन्सरची फाइल दिसली की हात जोडावेत. काही म्हणतात, नातेवाइकांकडून ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर औषध घेत आहोत’ असे लिहून घेतले की झाले. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्याने रुग्ण भोंदूच्या दारात जातो. दुसऱ्याने वैद्याला खोटे संरक्षण मिळते. रुग्णाने नकार दिला म्हणून वैद्य दोषी ठरत नाही, तसाच रुग्णाने नकार दिला म्हणून वैद्य सुटतही नाही. त्या नकारापूर्वी वैद्याने काय सांगितले, नंतर काय दिले, आणि या दोहोंची नोंद आहे की नाही, यावर सर्व काही अवलंबून असते.

नकार नेमका कोणाचा?

सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीस उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट आता वादातीत आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात (मार्च २०११) व पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर (मार्च २०१८) सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराचा स्पष्ट उल्लेख केला. त्यामुळे कर्करोगी शस्त्रकर्म नाकारतो यात बेकायदेशीर असे काही नाही, आणि अशा रुग्णास वेदना, अरुची, दौर्बल्य यांसाठी आयुर्वेदीय औषध देणारा वैद्यही केवळ तेवढ्याने गुन्हेगार होत नाही.

परंतु हा अधिकार रुग्णाचा आहे. त्याच्या मुलाचा, भावाचा वा गावच्या सरपंचाचा नव्हे. आपल्याकडील प्रत्यक्ष स्थिती अशी, की आई बाहेर बाकावर बसलेली असते आणि मुलगा आत येऊन म्हणतो, “साहेब, आईला काही सांगू नका, ती खचून जाईल. आम्ही ठरवलंय, ऑपरेशन करायचं नाही.” कागदावर सही मुलाची. रुग्णेला आपल्या गर्भाशयमुखाच्या गाठीचे नावही ठाऊक नाही. जिला रोगच सांगितलेला नाही तिने उपचार नाकारला असे कसे म्हणता येईल? अशा कागदाला नकारपत्र म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग आहे. पुढे मुलीने तक्रार केली (आणि अशा तक्रारी करणारी व्यक्ती बहुधा निर्णयाच्या वेळी हजर नसलेलीच असते) तर वैद्याजवळ दाखवायला काहीच उरत नाही. रुग्णास सत्य कसे सांगावे ही कला आहे, त्याला दोन-तीन भेटी लागू शकतात. पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर आई-वडिलांचा नकार हा नकार म्हणून स्वीकारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बालवयातील रक्ताचा कर्करोग हा आज बऱ्याच अंशी साध्य व्याधी झालेला आहे. सन २००९ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात तेरा वर्षांच्या एका मुलाने व त्याच्या आईने लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी किमो नाकारून नैसर्गिक उपचारांचा आग्रह धरला. न्यायालयाने मुलाच्या हिताचा विचार करून उपचार घेण्याचा आदेश दिला आणि त्याने ते पूर्ण केले. आपल्याकडे बालन्याय अधिनियम, २०१५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समितीची तरतूद आहे, १०९८ ही दूरध्वनी सेवा आहे. पालक कोणत्याही प्रकारे ऐकत नसतील तर आपण औषधाची पुडी बांधण्यापूर्वी तेथे कळविणे हे कटू, पण योग्य कर्म होय.

सहीने काय साधते?

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. तो शस्त्रकर्माच्या संमतीविषयी होता, तरीही आपल्या विषयास तो सर्वांत जवळचा आहे. संमती खरी ठरण्यासाठी रुग्णास उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, उपलब्ध पर्याय व महत्त्वाचे धोके सांगितलेले असावेत, असे त्यात म्हटले आहे. त्या यादीतच आणखी एक बाब आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही: उपचार नाकारल्यास होणारे दुष्परिणामही सांगितले पाहिजेत. म्हणजे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या तीन ओळींच्या कागदात जे नसते, नेमके तेच न्यायालयाला हवे असते. निष्काळजीपणाची आगाऊ माफी लिहून घेता येत नाही. माहिती दिल्याचा पुरावा मात्र ठेवता येतो. या दोन कागदांतील भेद ज्याला कळला त्याला या विषयातील निम्मे कळले.

ग्राहक कायद्याचा विचारही येथेच करू. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या नोव्हेंबर १९९५ च्या निर्णयापासून मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. आपल्या भागातील अनेक वैद्य तपासणीची फी घेत नाहीत, औषधाचेच पैसे घेतात, पावती देत नाहीत, आणि ‘मी तर फुकट पाहतो’ अशा समजात असतात. औषधाच्या किमतीत मोबदला आहे असा दावा सहज करता येतो, आणि पावती नसणे हे वैद्याच्या बाजूने नव्हे, विरुद्ध जाते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. परभणीतील वैद्याला हिंगोली वा बीड येथील आयोगापुढे उभे राहावे लागू शकते. तक्रारीची सामान्य मुदत दोन वर्षांची असल्याने केसपेपर त्यापूर्वी रद्दीत घालणे म्हणजे स्वतःचा साक्षीदार घालवणे होय. माझ्या मते कर्करोग्याची नोंद किमान पाच वर्षे ठेवावी.

कोणत्या मापाने मोजणार?

निष्काळजीपणा ठरविताना त्या शास्त्रातील सामान्य, सक्षम व्यावसायिकाने तशा परिस्थितीत जे केले असते ते केले की नाही, हे पाहिले जाते. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या ऑगस्ट २००५ च्या निर्णयात हा निकष सविस्तर आला आहे. (त्या प्रकरणातील रुग्णही प्रगत अवस्थेतील कर्करोगीच होता, तक्रार मात्र प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाल्याची होती.) फौजदारी कारवाईसाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असावी, आणि तपास अधिकाऱ्याने त्याच चिकित्साशाखेतील, शक्यतो शासकीय सेवेतील, निष्पक्ष तज्ज्ञाचे मत घ्यावे, असेही न्यायालयाने सांगितले. आयुर्वेदाच्या वैद्यासाठी याचा अर्थ असा, की मत नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थेतील अध्यापकाचे मागता येईल. पण याने निश्चिंत होऊ नये.

कारण वैद्याचे मोजमाप वैद्याच्या मापाने होणार, हे खरे असले तरी ते माप लहान नाही. बी. ए. एम. एस. च्या अभ्यासक्रमात रोगनिदान, शल्य, शालाक्य, स्त्रीरोग हे विषय आपण सर्वांनी आधुनिक भागासह शिकलेलो आहोत. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा सुरू झालेल्या रक्तस्रावावर योनिपरीक्षण न करता सहा महिने पुष्यानुग चूर्ण व अशोकारिष्ट चालविणे. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातील न भरणाऱ्या व्रणावर खदिरादि वटी व इरिमेदादि तेल देत राहणे. मलमार्गातून रक्त येते म्हणजे अर्शच, असे धरून बोट न घालता अर्शकुठार देणे. या ठिकाणी दायित्व निर्माण होते ते रुग्णाच्या नकारापूर्वीच. या अवस्थेत रुग्णाने काहीही नाकारलेले नसते. त्याला कोणी विचारलेलेच नसते.

आणि हा विलंब किती महाग असतो, याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यात आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी दीर्घ अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व टाटा रुग्णालय त्यात सहभागी होते. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूची केवळ एकदा तपासणी करून पुढील उपचार दिलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तुलना-गटाच्या सुमारे निम्म्यावर आले. ज्या रोगात वेळेवर कळणे एवढे निर्णायक आहे, तेथे ‘मला वाटले प्रदर आहे’ हे उत्तर आयोगापुढे टिकणे कठीण.

परदेशातील एक निर्णय येथे बोधप्रद आहे. इंग्लंडमध्ये एका चिनी वनौषधी चिकित्सकाकडे त्वचेखालील चरबीच्या साध्या गाठींसाठी औषध घेतलेला रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. शकूर विरुद्ध सितू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात (२०००) न्यायालयाने चिकित्सकास दोषमुक्त केले. मात्र तसे करताना सांगितले, की परंपरागत चिकित्सकाला स्वतःच्या शास्त्राचे माप लावले तरी तो आधुनिक वैद्यक प्रचलित असलेल्या समाजात व्यवसाय करतो हे विसरता येणार नाही, आणि आपल्या औषधाविषयी आधुनिक वैद्यक नियतकालिकांतून काही धोका प्रसिद्ध झाला आहे काय, याची माहिती त्याने ठेवली पाहिजे. हा निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही. पण भल्लातक वा रसौषधी देणाऱ्या प्रत्येकाने तो मनात ठेवावा.

आपल्या राज्यातील प्रकरण म्हणजे पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. जुलै १९९२ मध्ये मुंबईत एका तापाच्या रुग्णास होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने प्रथम विषाणुजन्य ताप व नंतर विषमज्वर समजून आधुनिक औषधे दिली, रुग्ण दगावला. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून पत्नीला तीन लाख रुपये भरपाई देवविली. पुढे डॉ. मुख्त्यारचंद विरुद्ध पंजाब राज्य (१९९८) या निर्णयाने हा प्रश्न राज्याच्या कायद्यावर सोपविला, आणि महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा शासनाने दिली आहे. पण मुभा घेतली की त्या पद्धतीचे मापही अंगावर घेतले जाते. ज्या रुग्णाने ‘इंग्रजी उपचार नको’ म्हणून आपल्याकडे धाव घेतली, त्याच रुग्णास भूक लागावी व बरे वाटावे म्हणून चूर्णाच्या पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून घालणारे काही महाभाग आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ते या लेखाने सुधारणार नाहीत.

नवा कायदा व जुनी समजूत

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४-अ ची जागा तेथे कलम १०६ ने घेतली आहे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणाऱ्यास पूर्वी कमाल दोन वर्षांचा कारावास होता. आता तो पाच वर्षांपर्यंत आहे. वैद्यकीय कर्म करीत असताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून तसे घडल्यास मर्यादा दोन वर्षांचीच ठेवलेली आहे. ही बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांनी सुस्कारा सोडला असेल. त्यांनी कलमाखालील स्पष्टीकरण अवश्य वाचावे. त्यात ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्य अर्हता धारण करणारा व त्याच अधिनियमाखालील नोंदवहीत नाव असलेला, अशी व्याख्या आहे. आपली नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे आहे आणि आपला केंद्रीय कायदा भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० हा आहे. शब्द जसे आहेत तसे वाचले तर दोन वर्षांची सवलत वैद्याला मिळत नाही. त्याच हयगयीसाठी शेजारच्या एम. बी. बी. एस. डॉक्टरपेक्षा अधिक शिक्षेची टांगती तलवार आपल्यावर आहे. हे न्याय्य नाही असे मला वाटते, व संघटनेने ते शासनापुढे मांडले पाहिजे. परंतु तोपर्यंत कायदा आहे तो असा आहे. निसर्गोपचारक बंधूंची अवस्था आणखी नाजूक. २०२० च्या त्या अधिनियमात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा आहेत, योग व निसर्गोपचार नाहीत. म्हणजे आपल्यामागे निदान जी नोंदवही उभी आहे, तीही त्यांच्यामागे नाही.

शास्त्राची साक्ष

शस्त्रकर्मास विरोध करणे म्हणजे आयुर्वेदाची निष्ठा, असे मानणारा एक वर्ग आपल्यात आहे. सुश्रुतसंहिता ज्याने वाचली त्याला असे म्हणता येणार नाही. निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन करताना सुश्रुताचार्यांनी रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य सांगितले आहेत, एका अर्बुदावर दुसरे उत्पन्न होणारे अध्यर्बुदही सांगितले आहे. चिकित्सास्थानात शस्त्र, क्षार व अग्नी यांचा उपयोग सांगून, दोषाचा अंश शेष राहिल्यास अर्बुद शीघ्र पुन्हा उत्पन्न होते, म्हणून ते निःशेष काढावे, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. आजचा शल्यविशारद गाठीच्या कडा स्वच्छ आल्या की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तेव्हा तो वेगळे काही करीत नाही. रुग्ण ‘सुरी नको’ म्हणतो, त्या वेळी ‘आमच्या ग्रंथातच सुरी सांगितली आहे’ हे वैद्याच्या तोंडचे वाक्य शहरातील दहा डॉक्टरांच्या आग्रहापेक्षा अधिक काम करते, असा माझा अनुभव आहे.

संमतीची कल्पनाही आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या उदरचिकित्सिताध्यायात, अन्य उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखा धोक्याचा उपाय करण्यापूर्वी वैद्याने रुग्णाचे आप्त, मित्र, पत्नी, गुरुजन व राजा यांना एकत्र करावे, उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आहे व केल्यास यशाविषयी संशय आहे हे स्पष्ट बोलून दाखवावे आणि अनुज्ञा घेऊन मगच कर्म करावे, असे सांगितले आहे. अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी सुश्रुतानेही असेच सांगितले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की केवळ अनुज्ञा घ्या असे ग्रंथ म्हणत नाही. संशय बोलून दाखवा असे म्हणतो. तसेच सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात असाध्य व्याधीची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व यशाची हानी होते असा इशारा आहे. या वचनाचा आधार घेऊन रुग्णाला दारातून परत पाठविणारेही आहेत. पण तेथेच याप्य व्याधीचा विचार आहे, आणि रोग याप्य असल्याचे सांगून, तेवढेच साधण्याचे वचन देऊन दिलेली चिकित्सा निंद्य नाही. पुण्याजवळ वाघोली येथे वैद्य सदानंद सरदेशमुख यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टने चालविलेले कर्करोग चिकित्सा व संशोधन केंद्र अनेक वर्षे आधुनिक उपचारांच्या जोडीने आयुर्वेद वापरीत आले आहे. ‘त्यांच्याऐवजी’ नव्हे, ‘त्यांच्याबरोबर’, ही भूमिका वैद्याला शास्त्राने व कायद्याने दोन्हीकडून सुरक्षित ठेवते.

केवळ पर्यायी उपचारांवर राहणाऱ्यांचे काय होते याविषयी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास आहे. ज्यांचा रोग पसरलेला नव्हता व ज्यांनी प्रचलित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार निवडले अशा २८१ रुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो साडेपाच पटींहून अधिक होता. त्या पर्यायी उपचारांना आयुर्वेद म्हणता येणार नाही हे मान्य. पण तक्रारदाराचा वकील हाच अभ्यास आपल्यापुढे ठेवणार, आणि विरुद्ध बाजूने ठेवण्याजोगा तोलाचा अभ्यास आपल्याजवळ नाही.

बोलणे हीच जाहिरात

औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात कर्करोगाचे नाव आहे. त्यावर औषध असल्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, आणि ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत फलक, पत्रक, वेष्टन यांबरोबर तोंडी केलेली घोषणाही येते. यात्रेतील शिबिराचे ध्वनिक्षेपक, व्हॉट्सॲपवरील ‘बरे झालेल्या रुग्णांचे’ फोटो, दवाखान्याच्या पाटीवरील ‘कॅन्सरवर खात्रीशीर उपाय’ ही ओळ, हे सर्व त्यात बसू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योत सिंग सिद्धू यांनी पत्नीचा प्रगत कर्करोग हळद, कडुनिंब व आहारनियम यांमुळे गेल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा टाटा रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांना लोकांसाठी निवेदन काढावे लागले. त्या रुग्णेचे शस्त्रकर्म व किमो झालेले होते, ही गोष्ट ऐकणाऱ्यांच्या कानांत शिरली नाही. आपल्याकडेही किमो पूर्ण करून आलेला रुग्ण ‘वैद्यांच्या औषधाने बरा झालो’ असे गावभर सांगतो. तेथे आपण गप्प बसू नये.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गुदाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या एका स्त्रीने शस्त्रकर्माऐवजी होमिओपॅथीची कास धरली व ती २००५ मध्ये मरण पावली. २०१० मध्ये तेथील मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने अहवाल दिला. नकार तिचाच होता, ती सुशिक्षित होती. तरीही चुकीच्या माहितीने तिचा निर्णय कसा घडविला गेला यावर अहवालाचा रोख राहिला. आपल्या तोंडून निघालेले ‘घाबरू नका, होईल बरे’ हे नेहमीचे धीराचे वाक्य कर्करोग्याच्या बाबतीत वचन ठरते, हे ध्यानी ठेवून शब्द वापरावेत.

केसपेपरवर काय लिहावे?

छापील नमुन्यापेक्षा स्वहस्ते लिहिलेली चार-सहा वाक्ये अधिक विश्वसनीय असतात. उदाहरणार्थ: “रुग्णेस गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे तिला स्वतःला सांगितले. रुग्णालयाने किरणोपचार व किमो सुचविल्याचे फाइलवरून वाचून दाखविले. ते न घेतल्यास रोग वाढेल, आज जो बरा होण्याची शक्यता आहे तो पुढे तसा राहणार नाही व मृत्यू संभवतो, हे मराठीत समजावून सांगितले. फुले योजनेची माहिती दिली, संदर्भपत्र दिले. माझे औषध भूक, झोप व बल यांसाठी आहे. त्याने कर्करोग बरा होईल असे मी सांगितलेले नाही.” यानंतर रुग्णेचे म्हणणे तिच्याच शब्दांत घ्यावे. ‘माझ्या जावेला लाइट दिली अन् ती गेली, मला नको’ हे वाक्य वकिली भाषेतील पानभर मजकुरापेक्षा बोलके असते. सही किंवा अंगठा रुग्णाचा. अंगठा असल्यास वाचून दाखविणाऱ्याचे नाव व साक्षीदार घरातील व घराबाहेरील असे दोन. दिनांक व वेळ. एक प्रत रुग्णाला. प्रत्येक पुढील भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर लिहावे, कारण नकार ही एकदाच घडणारी गोष्ट नाही. वेदना वाढल्यावर माणसाचे मन बदलते.

व्यावसायिक क्षतिपूर्ती विम्याविषयी थोडक्यात: अशा पॉलिसीत बहुधा दावा ज्या काळात केला जातो त्या काळात पॉलिसी चालू असावी लागते, केवळ उपचाराच्या काळात असून भागत नाही. म्हणून खंड पडू देऊ नये. आणि अर्जात आपण आधुनिक औषधे वापरतो की नाही, हे खरे लिहावे; लपविल्यास ऐन वेळी कंपनी हात वर करते.

रुग्ण उपचारांस तयार झाला, की त्याच दिवशी संदर्भपत्र द्यावे, ‘विचार करून सांगा’ म्हणू नये. त्यात आपण दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस दिले व केव्हा थांबविले, हे लिहावे. रसौषधी, भल्लातक वा गुडूची दिली असल्यास ती विशेषत्वाने. गुडूचीचे सेवन व यकृताचा शोथ यांविषयी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. आयुष मंत्रालयाने त्याचे खंडन केले. तो वाद विद्वानांनी मिटवावा. परंतु किमोपूर्वी यकृत व वृक्क यांच्या तपासण्यांचा अर्थ लावताना तेथील डॉक्टरांना आपली यादी लागते, आणि ती रुग्णाच्या आठवणीवर सोडली तर त्यांच्या हाती ‘जिंतूरच्या वैद्यांची काळी पुडी’ एवढेच पडते.